शिंद्यांच्या आवाजाची वाटणी

आनंद-मिलिंद या नावाच्या भावांच्या दोन जोड्या एकाच काळात गाजत होत्या. एक जोडी हिंदी सिनेमातली, जुने संगीतकार चित्रगुप्त यांची मुलं. 1988 साली 'कयामत से कयामत तक' आला आणि त्यांचं नाव देशभर झालं. दुसरी जोडी आपल्याकडचे गायक प्रल्हाद शिंदे यांची मुलं. आमच्या नांदगाव पेठेत हायवेच्या कडेला एक कॅसेटवाला बसायचा. त्याच्याकडे जाऊन नुसतं 'आनंद-मिलिंद द्या' म्हटलं की तो मान वर न करता विचारायचा, "कोनते देऊ भाऊ? आपले, का पिच्चरवाले?"

आपले म्हणजे शिंदे. बहुतेक गिऱ्हाइकांना आपलेच हवे असायचे.

नांदगाव पेठ अमरावतीहून नागपूरकडे निघालं की लागतं. तेव्हाचा तो सहा नंबरचा हायवे, आता त्याला 53 म्हणतात. आज इथे एमआयडीसी आहे, कापडाच्या गिरण्या आहेत, विजेचा मोठा प्रकल्प आहे, टोलनाका आहे. तेव्हा ढाबे होते, पंक्चरवाले होते आणि कापसाच्या दिवसांत वाटेवर थांबलेले ट्रक होते. त्या ट्रकांच्या केबिनमधून जे गाणं बाहेर पडायचं ते आधी ढाब्यावर पोचायचं, मग पानटपरीवर, मग गावातल्या लग्नात. रेडिओवर न लागलेली गाणी आम्हाला पाठ असायची ती या रस्त्यामुळे. अमरावती आकाशवाणी ऐकणारं एक गाव होतं आणि ट्रकमधली कॅसेट ऐकणारं दुसरं गाव होतं. त्या दुसऱ्या गावात आनंद शिंदे यांचा आवाज म्हणजे शेवटचा शब्द होता.

तो आवाज कसा होता? खडा. पहिला शब्दच असा यायचा की गायक तुमच्या पुढ्यात उभा नाही, पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला उभा आहे आणि तिथून तुम्हालाच हाक मारतोय. माइक नसता तरी चाललं असतं असं वाटावं इतका भरलेला. वरच्या पट्टीत जाताना बहुतेक गायक आवाज बारीक करून घेतात. शिंदे वर जाताना आवाज रुंद करतात. ओळीचं शेवटचं अक्षर सोडून न देता धरून ठेवतात आणि ढोलकीची थाप पडल्यावरच खाली ठेवतात. अंतरा संपवून मुखड्यावर येण्याआधी श्वासाएवढी एक जागा असते. त्या जागेत ऐकणारा स्वतःच मुखडा म्हणून टाकतो. हे शिकवून येतं की नाही मला ठाऊक नाही, पण हे प्रल्हाद शिंद्यांकडे होतं आणि त्यांच्या मुलांकडे तसंच्या तसं आलं.

कॅसेट लावली की आम्ही पोरं भांडायचो, हा आनंद की हा मिलिंद? ओळखता यायचं नाही. गावातले एक म्हातारे गृहस्थ म्हणायचे, "आवाज प्रल्हाददादाचाच हाय रे. दोघायले वाटून देल्ला."

वाटणी हा शब्द वऱ्हाडात सहज येतो. आमच्याकडे भावांची गोष्ट म्हटली की ती वावराच्या वाटणीशी येऊन थांबते. बाप आहे तोवर वावर एक असतं. बाप गेला की धुरा पडतो. त्या धुऱ्यावरचं निंबाचं झाड कोणाचं, विहिरीची पाळी कोणाची, बैलबंडी कोणाच्या हिश्श्यातून जाणार, यावर पुढची पिढी तालुक्याच्या ठिकाणी चकरा मारते. माझ्या घरातही हे झालं. बाबा आणि काका एकाच आळीत राहून कितीतरी वर्षं बोलत नव्हते, आणि मधला धुरा दरसाल नांगरताना थोडा थोडा सरकत होता. दोघांचीही जमीन पुढे कमीच झाली. ते सगळं पाहत असताना ट्रकमधून दोन भावांचं एकत्र गाणं ऐकू यायचं आणि मला त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं म्हणणं खटकायचं. वाटून दिलेली वस्तू निम्मी होते. हा आवाज दोघांकडेही पुरताच्या पुरता होता.

शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून 1338 साली चोखोबा तिथे गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर बांधली गेली. परंपरा चोखोबांचा जन्म आमच्या वऱ्हाडातला सांगते, बुलडाण्यातल्या मेहुणा राजाचा. एका संताच्या पायाने ही दोन टोकं जोडलेली आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. चोखोबांच्या घरात एकटे चोखोबाच अभंग रचत नव्हते. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे रचत होते. नावावर जमीन नसलेल्या घरात मुलांना काय द्यायचं? त्यांनी शब्द दिले. शिंद्यांनी गळा दिला.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 सालचा. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले, तेव्हा प्रल्हाद चौदाएक वर्षांचा मुलगा होता आणि मंगळवेढा तिथून काही कोसांवर होतं. पुढे हाच मुलगा पंढरीच्या वाटेची गाणी अशी गायला की आज आषाढीला महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात त्याच्या आवाजावाचून सकाळ होत नाही. गणपतीत तोच आवाज. घरी सत्यनारायण असला की भटजी येईपर्यंत तोच आवाज. आणि 14 एप्रिलला निळ्या कमानीखालीही तोच.

आमच्या गावात याचं कोणाला नवल वाटत नसे. मंदिराचा भोंगा आणि विहाराचा भोंगा एकाच मंडपवाल्याचे. तो कॅसेटही त्याच पेटीतून काढायचा. सकाळी मारुतीच्या पारावर प्रल्हाद शिंदे, संध्याकाळी बुद्धविहारापुढे प्रल्हाद शिंदे. नवल वाटायचं ते पुढे, शिकल्या-सवरलेल्या लोकांत मिसळल्यावर. चळवळीतले काही जण म्हणत, भीमगीत गाणाऱ्याने सत्यनारायण गावा का? प्रश्न खरा आहे आणि विचारणाऱ्यांचं दुःखही खरं आहे. पण ज्या पायरीवर चोखोबाला थांबवलं, त्या पायरीवरून हा आवाज आत गेला आणि आतल्यांनी तो आपला म्हणून देव्हाऱ्यासमोर लावला, हेही घडलंच. ऐकणाऱ्या कित्येक घरांना गाणारा कोण, कुठल्या वस्तीतला, याचा पत्ता नव्हता. पत्ता असता तर कॅसेट लावली असती का, हा प्रश्न मला त्या घरांना विचारावासा वाटतो.

मुलांची नावं बघा. आनंद हा बुद्धांचा चुलतभाऊ आणि सतत जवळ राहणारा शिष्य, ज्याने बुद्धांची वचनं ऐकून ध्यानात ठेवली. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादला 1950 साली काढलेल्या महाविद्यालयालाही पुढे त्याच राजाचं नाव मिळालं. 1956 च्या दीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत आनंद, मिलिंद, राहुल, सिद्धार्थ जन्मू लागले. पंढरीची वाट गाणाऱ्या माणसाने आपल्या घरात ही नावं ठेवली. बाप काय मानत होता ते मला त्याच्या गाण्यांच्या यादीपेक्षा या दोन नावांत जास्त दिसतं.

ही भावंडं कव्वालीच्या माहौलात वाढली. तेव्हाच्या भीमगीतांचं माहेर कव्वालीचा सामना. दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर सवाल-जवाब, खाली सतरंजीवर म्हाताऱ्यांपासून पाळण्यातल्या लेकरांपर्यंत सगळी वस्ती. या मंचावर वामनदादा कर्डक यांची गाणी फिरली, विठ्ठल उमप गाजले. विठ्ठल उमप तर 2010 च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावर असतानाच गेले. वामनदादा गेले 15 मे 2004 ला आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे. एका उन्हाळ्यात दोन खांब पडले. वर्तमानपत्रांनी त्या मानाने फार थोडी जागा दिली होती.

आनंद-मिलिंद यांचं भाग्य असं की त्यांच्या उमेदीच्या वर्षांत कॅसेट आली. त्याआधी तबकडी हवी आणि तबकडी वाजवायचं यंत्र हवं. गाणं कोणाचं निघणार हे थोड्या मोठ्या कंपन्या ठरवणार. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टी-सिरीज आणि व्हीनससारख्या नव्या कंपन्या पुढे आल्या आणि त्यांनी लोकांना काय ऐकायचंय ते बघितलं. जे गाणं अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात जाणार नव्हतं त्यालाही बाजार मिळाला. मजूर, हमाल, ट्रकवाला, सालदार, रिक्षावाला हे लोक आपल्या खिशातल्या पैशाने गाणं विकत घेऊ लागले. आमच्याकडे जिनिंगवर काम करणारा एक माणूस चुकाऱ्याच्या दिवशी घरी जाताना आधी कॅसेट घ्यायचा, मग तेल. बायको ओरडायची आणि रात्री दोघं मिळून ऐकायची.

त्या बाजारात पोपटाचं गाणं आलं आणि आनंद शिंदे हे नाव महाराष्ट्रभर झालं. गाण्याचे शब्द इथे लिहीत नाही, लिहायची गरजही नाही, वाचणाऱ्याच्या कानात ते वाजायला लागलेच असतील. सभ्य घरांत या गाण्याला नाकं मुरडली गेली. माझा एक शिक्षक तर वर्गात ते गुणगुणणाऱ्याला बाकावर उभं करायचा. मी आज पुन्हा ऐकतो तेव्हा मला त्यात तमाशाच्या बतावणीची जात दिसते. तक्रार सांगणारा माणूस, तक्रारीत दडलेली थट्टा, आणि गायकाने हसू दाबून धरलेलं. इतका भारदस्त, सामन्यात रात्र जागवणारा आवाज इतक्या हलक्या गोष्टीला लावायचा आणि तरी तोल जाऊ द्यायचा नाही, हे सोपं काम नाही. मराठीत पॉप म्हणून जे पुढे शहरांत, गिटार घेऊन, टीव्हीवर आलं त्याला पत्रकारांनी पॉप म्हटलं. त्याच्या आधीच लोकांनी रस्त्यावर निवडून दिलेलं पॉप इथे उभं होतं आणि त्याची नोंद 'कॅसेटची गाणी' अशी झाली. ही नोंद चुकीची आहे.

बापाच्या वेळचा वाद मुलांच्या वेळी नव्या रूपात आला. बापाला विचारलं, भीम गातोस तर विठ्ठल का? मुलांना विचारलं, भीम गाता तर पोपट का? मला वाटतं, गाणाऱ्याचं पोट, गाणाऱ्याची हौस आणि गाणाऱ्याची निष्ठा या तिन्ही गोष्टी एकाच गळ्यातून निघतात आणि आपण ऐकणारे त्यातली आपल्याला सोयीची तेवढी उचलतो. नांदगाव पेठेत जे लोक लग्नात पोपटावर नाचले तेच एप्रिलमध्ये आनंद शिंद्यांचं भीमगीत लागलं की उभे राहिले. त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

भावांच्या जोडीत पुढे एक वेळ येते. जोडीला एकत्र बोलावणारे असतात, आणि कधीतरी कोणीतरी एकालाच बोलावतं. 2006 साली 'जत्रा' चित्रपट आला. त्यात कोंबडीवरचं ते प्रसिद्ध गाणं आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं. संगीत अजय-अतुल यांचं, म्हणजे पुन्हा भावांचीच जोडी. या गोगावले भावांचे वडील महसूल खात्यात, बदल्यांमुळे बालपण पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत गेलेलं, घरात गाण्याची परंपरा नाही, शास्त्रोक्त शिक्षण नाही. त्यांनी आवाज कानांनी गोळा केले. लग्नाचा बँड, वासुदेव, गोंधळ, आणि दूर दक्षिणेतला इळैयराजा. ज्यांना वारशात काही मिळालं नाही त्या भावांनी, ज्याला सगळं वारशात मिळालं त्या भावाला बोलावलं. हे गाणं मला मराठी गाण्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते. कव्वालीच्या फडातला आवाज स्टुडिओत आला आणि त्याला कोणी पॉलिश केलं नाही, ढोल-ताशाच्या मधोमध तसाच उभा केला. पुढे 'अग्निपथ'मध्ये 2012 साली तीच चाल 'चिकनी चमेली' होऊन श्रेया घोषाल यांच्या गळ्यातून देशभर गेली. मला मात्र मूळ गाण्यात आनंद शिंदे येतात ती जागा लागते. तिथे गाणं गावात येतं.

त्या गाण्यावर मिलिंद यांचं नाव नाही. मी यावर बराच विचार केला आहे. जोडी म्हणून वाढलेल्या माणसाला भावाचा आवाज एकटा ऐकू येतो तेव्हा काय होत असेल? परदेशात अशा जोड्यांचे तुकडे तुकडे झाले. अमेरिकेतले एव्हर्ली बंधू, ज्यांच्या दोन आवाजांत फट सापडत नसे, ते 1973 साली भर कार्यक्रमात फुटले आणि दहा वर्षं एकत्र गायले नाहीत. इंग्लंडच्या ओएसिस बँडमधले गॅलाघर भाऊ 2009 साली पॅरिसमध्ये भांडून वेगळे झाले, ते पुन्हा एका मंचावर यायला 2025 उजाडलं. शिंद्यांच्या घरात काय बोलणी झाली असतील ती त्यांची. बाहेरून एवढं दिसतं की आनंद एकटे गायले, मिलिंद एकटे गायले, पुन्हा दोघं एका मंचावर आले आणि लोकांनी 'शिंदेशाही' हा एकच शब्द वापरला. एकट्याच्या गाण्याने दुसऱ्याचा हिस्सा कमी झाला नाही. माझ्या घरात वावराचं हे कधी झालं नाही.

सरकारदरबारी मात्र या आवाजाचं मोल ठरता ठरेना. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून बारा नावांची शिफारस झाली. त्यात आनंद शिंदे यांचं नाव होतं आणि आमच्या विदर्भातले गायक अनिरुद्ध वनकर यांचंही. भीमगीत गाणारे दोघं कलावंतांच्या जागेवर सभागृहात बसणार, म्हणून आमच्याकडे वस्त्यांत फटाके वाजायचे बाकी राहिले होते. राज्यपालांनी त्या यादीवर निर्णयच घेतला नाही. 2022 साली सरकार बदललं आणि यादी मागे घेतली गेली. राजकारणात असं होतं हे मला समजतं. तरी ज्या सभागृहात साहित्य आणि कला यांसाठी घटनेने जागा ठेवली आहे तिथे या गळ्याला एकदा तरी उभं राहता यायला हवं होतं. त्या दिवशी सभागृहात कोण कशाला टाळी वाजवतो ते मला बघायचं होतं.

आनंद यांची मुलं गाण्यातच आहेत. आदर्शचं 'दुनियादारी'तलं गाणं 2013 मध्ये आलं तेव्हा ज्यांनी आजोबांना भोंग्यावर ऐकलं होतं ते चमकले. देवाला जाब विचारणारं गाणं आणि तोच रुंद होत जाणारा सूर. उत्कर्ष डॉक्टर झाला आणि गातोही. 2019 साली बाबासाहेबांवरची मालिका टीव्हीवर सुरू झाली, तिच्या शीर्षकगीतामागे हेच दोघं भाऊ. मिलिंद यांचा मधुरही गातो. तिसरी पिढी, पुन्हा भावंडं.

मागच्या वर्षी गावातल्या जयंतीच्या मिरवणुकीत धुमाल होती. धुमाल म्हणजे आमच्या विदर्भाचं वाजवणं. गाडीवर कीबोर्ड आणि पॅड, खाली ढोल-ताशे, आणि रस्ताभर नाचणारी माणसं. कीबोर्डवर एक पोरगा आणि ढोलावर त्याचा धाकटा भाऊ. चहाला थांबले तेव्हा मी जवळ गेलो. मोठ्याचा एक पाय गाडीच्या दांडीवर टेकलेला, कीबोर्डच्या कोपऱ्यावर निळ्या टेपने चिकटवलेला सूर बदलायच्या आकड्यांचा कागद. त्यावर गाण्यांची नावं नव्हती, गायकांची होती. 'शिंदे' या नावापुढचा आकडा सगळ्यांत मोठा.

"असं काहून?" मी विचारलं.

"शिंद्यायचं गानं खाली वाजवलं त लोक नाचतच नाही," तो म्हणाला. "पट्टी वर चढवाच लागते. अन् वर चढवली का मंग याले," त्याने धाकट्याकडे बोट केलं, "हात दुखेपर्यंत थांबता येत नाही."

धाकट्याच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. त्याने विचारलं, "काका, आनंद शिंदे गावात आनाचे म्हनलं त किती लागते?"

मोठा म्हणाला, "आधी आपले मांग बाप्पा." मंडळाने अर्धे पैसे अजून दिले नव्हते. मग अध्यक्षांना शोधत दोघं मिरवणुकीच्या पुढच्या टोकाकडे गेले आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो, कारण अध्यक्ष माझ्या वर्गातला होता.